शेतात राबलेल्या बाईला बालकवी का आवडतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बालकवी आणि बहिणाबाई यांच्यावरचा लेख वाचला. लेख मन लावून लिहिलेला आहे आणि बहिणाबाईंबद्दल त्यात जे म्हटलं आहे, त्यातल्या एका अक्षराशीही माझं भांडण नाही. पण बालकवींबद्दलचं एक वाक्य चार दिवस झाले तरी डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. लेखकांचं म्हणणं असं, की बहिणाबाईंचं शेत राबलेल्या बाईचं आहे म्हणून ते खरं. आणि बालकवींचा निसर्ग बांधावर उभं राहून पाहिलेला, पायाला चिखल न लागलेला, म्हणून राबणाऱ्या माणसाला त्यात काही सापडत नाही.

संपादक महोदय, मी राबलेली बाई आहे. सातव्या-आठव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत आईबरोबर निंदणीला, वेचणीला, शेंगा तोडायला गेले. नंतर ३६ वर्षं आरोग्यसेविकेची नोकरी केली, त्यातली निम्मी पायी. दोन्ही कवींच्या बऱ्याच कविता मला पाठ आहेत. आणि कोणी विचारलं तर मला बालकवी जास्त जवळचे वाटतात. आमच्या भागात हे मोठ्याने म्हणायला धीर लागतो. बहिणाबाईंचं नाव विद्यापीठाला आहे, त्यांच्या ओळी बायकांच्या तोंडी आहेत, आणि ते सगळं त्यांच्या हक्काचंच आहे. तरीही म्हणते.

आधी दोघांना एका जागी उभं करते. बहिणाबाई १८८० च्या, असोद्याच्या. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, १८९० चे, धरणगावचे. दोघांचा महिना ऑगस्ट. दोन्ही गावं आजच्या जळगाव जिल्ह्यातली, मधे पन्नास किलोमीटरसुद्धा अंतर नाही. तीच काळी माती, तीच कपाशी, चैत्र-वैशाखातल्या त्याच झळा. १९०७ साली जळगावात पहिलं मराठी कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तिथे सोळा-सतरा वर्षांच्या ठोंबऱ्यांनी कविता म्हटली आणि त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. त्याच जळगावात, तेराव्या वर्षी लग्न होऊन चौधरींच्या घरी आलेली, तेव्हा सत्ताविशीच्या आतबाहेरची असलेली एक बाई जात्यावर बसत होती, शेतात जात होती आणि काम करता करता गाणी रचत होती. तिला संमेलनाचं बोलावणं कुठून येणार? तिला अक्षरओळख नव्हती. तिची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी उतरवून घेतली म्हणून राहिली. ३ डिसेंबर १९५१ ला ती गेली, आणि पुस्तक निघालं १९५२ साली. आचार्य अत्र्यांनी त्या गाण्यांना बावनकशी सोनं म्हटलं, ते तिने ऐकलं नाही. बालकवी त्याच्या कितीतरी आधी, ५ मे १९१८ ला, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून गेले. अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

हा १९०७ चा प्रसंग आठवला की मला दर वेळी वाईट वाटतं. एकाला सभामंडप, दुसरीला जातं. लेखकांचा राग तिथून येत असेल तर तो मला कळतो. पण अन्याय झाला बहिणाबाईंवर, त्याची भरपाई बालकवींकडून का वसूल करायची?

आता माझं सांगते.

मी पाचवीत होते. त्या आठवड्यात शाळेत ‘श्रावणमासी’ शिकवली होती. श्रावणात आमच्याकडे निंदणीची घाई. कपाशीच्या ओळीत उकिडवं बसायचं, खुरप्याने गवत काढत पुढे सरकायचं, आणि नजर जमिनीवरच ठेवायची. वर पाहिलं की ओळ मागे पडते. शेजारच्या ओळीतल्या बायका पुढे निघून जातात आणि मग त्यांना गाठायला कंबर मोडेपर्यंत धावावं लागतं, तेही बसल्या बसल्या. त्या दिवशी सर येऊन गेली होती. डोक्यावरची पोत्याची खोळ भिजून जड झाली होती. आणि एकदम ऊन पडलं. आईच्या पाठीवरच्या पोत्यातून वाफा निघायला लागल्या. मी मान वर केली. पलीकडच्या शेतात अजून पाऊस चालू होता, आणि त्या पावसाची कड दिसत होती. पडदा ओढत आणावा तशी ती कड बांधापर्यंत आली, थांबली, पुन्हा मागे सरकली. ‘क्षणात येते सरसर शिरवे, क्षणात फिरुनि ऊन पडे.’ सरांनी फळ्यावर लिहिलेली ओळ समोर घडत होती. पुढची ओळ ‘वरती बघता इंद्रधनूचा गोफ दुहेरी विणलासे’. म्हणून मी वरती बघत राहिले. इंद्रधनुष्य काही दिसलं नाही.

आईचा आवाज आला, “काय पाहून राह्यली? हात चालव.”

आई चुकीचं काही बोलली नव्हती. आम्हाला मजुरी ओळीवर मिळायची. पण तो ‘वरती बघता’ माझ्यात राहिला. शेतात बसलेल्या पोरीला वर बघ म्हणणारं आयुष्यात दुसरं कोणी नव्हतं.

बहिणाबाई मला त्यानंतर भेटल्या, दोनेक वर्षांनी. ‘अरे खोप्यामधी खोपा सुगरणीचा चांगला, देखा पिलासाठी तिनं झोका झाडाले टांगला.’ पुस्तकातून मी आईला वाचून दाखवलं. शाळेत इतर मुलांना त्यातले शब्द समजावून सांगावे लागत. मला वाटलं ही तर घरातली बोली, हे पुस्तकात कसं आलं! आई दळण निवडत होती. एकदा ऐकलं आणि तिचं पाठ झालं. सुगरणीची चोच ‘उलूशी’, म्हणजे इवलीशी, तेच तिचे दात आणि तेच ओठ. आणि मग कवयित्री माणसाकडे वळते: ‘तुले देले रे देवानं दोन हात दहा बोटं’. झालं. त्या दिवसापासून आईला शस्त्र सापडलं. मी कुठे रेंगाळले, पुस्तक घेऊन बसले, नुसती दारात उभी राहिले, की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “दोन हात दहा बोटं!” आणि मी उठायची.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्या ओळीनेच मला उभं केलं, दहावी करायला लावली, नर्सिंगच्या कोर्सला पाठवलं. पण बहिणाबाईंची कविता कशी चालते ते मला त्यातून उमगलं. त्यांच्या गाण्यात वस्तू येते ती डोळ्यांसमोर लख्ख उभी राहते, आणि लगेच कामाला लागते. तवा चुलीवर असतो आणि तो संसार होतो. आधी हाताला चटके, तेव्हा भाकर. उभ्या पिकातलं ढोर येतं आणि ते मन होतं. ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर.’ मी काठी घेऊन असं ढोर हाकललेलं आहे. ते बाहेर जाताना आपल्याकडे पाहतं, दहा पावलं जातं, आपली पाठ फिरली की परत पिकात. याहून नेमकं मनाबद्दल कोणी बोललं असेल असं मला वाटत नाही. कपाशीचं बोंड उललं तर त्यातून हरिनामाची गोष्ट निघते. बी पेरलं तर धरित्री आई होते आणि माती पांघरूण: ‘वऱ्हे पसरली माती, जशी शाल पांघरली’. एकही वस्तू रिकाम्या हाताने उभी नाही. प्रत्येकीकडे आपल्याला द्यायला काहीतरी आहे, आणि ते देऊन झालं की ती तुमच्याकडे बघते, आता तू काय करशील म्हणून.

ही त्यांची थोरवी आहे. ती माझ्या आईचीही होती. आमच्या घरात कुठलीच गोष्ट नुसती पडून नसायची. तुरीच्या काड्यांचं सरपण व्हायचं, जुन्या लुगड्याची गोधडी, राखेने भांडी. पाहणंसुद्धा फुकट जाऊ द्यायचं नाही.

मला मात्र एक जागा हवी होती जिथे माझ्या हातांची चौकशी होणार नाही.

ती सापडली नोकरीत. माझं उपकेंद्र सातपुड्याच्या पायथ्याला होतं. लसीकरणाच्या दिवशी एका खांद्याला लसीचा डबा, त्यात चार आइसपॅक, दुसऱ्या खांद्याला रजिस्टरांची पिशवी. डबा घेऊन निघालं की डोक्यात घड्याळ सुरू व्हायचं. बीसीजीची बाटली एकदा कालवली की चार तासांत संपवायची, नाहीतर उरलेली टाकून द्यायची. त्यामुळे वाटेत झाड दिसलं तर ते डबा सावलीत ठेवण्यापुरतं, ओढा दिसला तर पाणी गुडघ्याच्या वर आहे का एवढ्यापुरता. घर दिसलं की त्यात दीड महिन्याचं मूल आहे का, आणि आई त्याला घेऊन माहेरी तर गेली नाही ना. अशी कितीतरी वर्षं मी त्या मुलखातून चालले आणि मुलूख पाहिला नाही.

एकदा पावसाळा संपता संपता काम लवकर आटोपलं. परतीच्या वाटेवर नाल्याला एक डोह लागतो, काठाला उंबर. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता म्हणून बसले. डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं होतं, लसी संपल्या होत्या, घाई कसलीच नव्हती. पाय पाण्यात सोडले. उंबराची मुळं माझ्या पायांशेजारी पाण्यात उतरलेली होती, बोटं पसरून बसावं तशी. सावलीमुळे पाणी काळं दिसत होतं. मधूनच एखादं पिकलेलं उंबर टप्पकन पडायचं आणि बोटाएवढे मासे त्याच्याभोवती जमायचे, ढकलाढकली करायचे, पांगायचे. किती वेळ बसले सांगता येत नाही. आणि शाळेपासून पाठ असलेली ओळ आपली आपण वर आली:

‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.’

शाळेत सरांनी विचारलं होतं, ‘असला’ म्हणजे कसला? वर्गात कोणालाच सांगता आलं नव्हतं. त्या दुपारी कळलं की त्याचा अर्थ सांगायचाच नसतो. असला म्हणजे असा, हा बघ, माझ्या शेजारी बसला आहे तसा. बोट दाखवावं तसा तो शब्द आहे. आणि दाखवून झालं की कविता संपते. उंबर आपल्याला काही शिकवत नाही, विचारत नाही, तो कशाचा कोण आहे हेही सांगत नाही.

‘औदुंबर’ आठच ओळींची आहे, पण मी ती आयुष्यभर वाचते आहे. त्यात रंग कसे येतात बघा. आधी हिरवाळी, मग निळासावळा झरा, मग शेतमळ्यांची ‘हिरवी गरदी’, त्यातून पांढरी पायवाट, हिरवं कुरण, मग काळा डोह, आणि शेवटी नुसता काळिमा. डोळा उजेडातून हळूहळू सावलीत नेऊन बसवला आहे. आणि त्या काळिम्याला विशेषण कोणतं, तर ‘गोड’. या दोन शब्दांवर तुमच्या लेखकांनी थोडं थांबायला हवं होतं. काळिमा गोड असतो हे कळायला मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन डोक्यावर घ्यावं लागतं. दुपारी बाराला उघड्या रानातून चालत येऊन उंबराखाली शिरल्यावर डोळ्यांपुढे जो गार अंधार येतो, तो ज्याने अंगावर घेतला नाही त्याला ही जोडी सुचणार नाही. बालकवींच्या पायाला चिखल लागला होता की नाही ते मी सांगू शकत नाही. ऊन लागलं होतं, एवढं या ओळीवरून नक्की.

दुसरं, त्या कवितेत माणसं नाहीत म्हणतात. ‘चार घरांचे गाव चिमुकले’ आहे, पण माणूस एकही दिसत नाही, हे खरं. पण ‘पायवाट पांढरी’ आहे ना? अशा वाटा मी इतक्या तुडवल्या आहेत की मला हे डोळे मिटून सांगता येईल: हिरव्या रानात वाट पांढरी पडते ती रोजच्या पायांनी. गवताला पुन्हा उगवायची उसंत मिळाली नाही म्हणून ती पांढरी. आणि ती ‘काळ्या डोहाकडे’ का जाते? पाणी आणायला, धुणी धुवायला, गुरं पाजायला. त्या चार घरांतल्या बायकांनीच ती पाडली आहे, डोक्यावर हंडे घेऊन. बालकवी हे बोलून दाखवत नाहीत. बायका घरी गेल्यावरची वेळ त्यांनी धरली आहे. त्या वेळेवर बायकांचाही हक्क असावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता यापेक्षा अवघड गोष्ट.

उपकेंद्रावर बायका यायच्या, त्यांतल्या काहींना काही झालेलं नसायचं. म्हणजे तपासून काही सापडत नसे. ताप नाही, रक्त बरं, पाळी बरी. ‘छातीत धडधडतं’, ‘जेवण जात नाही’, ‘रात्री डोळा लागत नाही’. घरात काही झालं का विचारलं तर, नाही. नवरा मारतो का, नाही. पीक? बरं आहे. मग का रडतेस, बाई? यावर एकीने पदर तोंडात धरून एकच शब्द सांगितला होता: “उगाच.” आणि तो सांगताना ती इतकी लाजली, जशी चोरी पकडली गेली. कारण आमच्याकडे दुःखाला कारण लागतं. कोणी मेलं, पीक बुडालं, पोरगी परत आली, तर रडायला मुभा आहे, चारजणी जवळ येऊन बसतात. उगाच रडणारी बाई म्हणजे नखरा.

बहिणाबाईंचं दुःख कारणाचं आहे, आणि केवढ्या कारणाचं. तिशीत नवरा गेला. ‘लपे करमाची रेखा माझ्या कुंकवाच्या खाली, पुशीसनी गेलं कुंकू, रेखा उघडी पडली.’ माझे यजमान गेले तेव्हा या ओळींनी मला धरून ठेवलं, हे मी कधी विसरणार नाही. तेराव्यानंतर मी कामावर गेले ती ‘जग जग माझ्या जीवा’ म्हणतच गेले. रडता रडता आसू सरले, आता हुंदके उरले, असं म्हणून त्या शेवटी जिवाला समजावतात की असा आसवांवाचून रडू नको. त्या कायम उठवतात. पाठीवर हात ठेवतात, पण उठवतात.

मला त्रास झाला तो नंतर, सात-आठ वर्षांनी. मुलं मार्गी लागली होती, नोकरी नीट चालली होती, घर स्वतःचं झालं होतं. आणि संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी छातीत काहीतरी बसायचं. मी दुसऱ्यांना विचारायची तेच प्रश्न स्वतःला विचारले. उत्तर तेच, उगाच. त्या दिवसांत वाचनालयातून बालकवींच्या कवितांचं पुस्तक आणलं. ‘श्रावणमासी’, ‘औदुंबर’ आणि ‘फुलराणी’ पलीकडचे बालकवी मी तोवर वाचलेच नव्हते. त्यात हे सापडलं:

‘कोठुनि येते मला कळेना
उदासीनता ही हृदयाला;
काय बोचते ते समजेना
हृदयाच्या अंतर्हृदयाला.’

‘मला कळेना’. तीस वर्षांच्या आतला तरुण, त्या काळातला, उघड सांगतो की मला कळत नाही. कारण शोधत नाही, उपाय सुचवत नाही, देवावर भार टाकत नाही, स्वतःला दोषही देत नाही. मला ती पदर तोंडात धरलेली बाई आठवली. तिच्या ‘उगाच’ला कोणीतरी लाज न वाटू देता छंदात बसवलं होतं. पुढे त्याच पुस्तकात ‘पारवा’ वाचली. ‘भिंत खचली, कलथून खांब गेला, जुनी पडकी उद्ध्वस्त धर्मशाळा’, आणि तिच्या कौलांवर बसून तो पारवा खिन्न, नीरस एकांतगीत गातो. ‘नीरस’ म्हणतात ते स्वतः. दुःख गोड करून सांगत नाहीत. ज्यांना बालकवी म्हणजे गालिचे आणि मखमल एवढंच वाटतं, त्यांनी ‘पारवा’ एकदा संध्याकाळी एकट्याने वाचावी.

बालकवींचं सगळंच मला आवडतं असं नाही. ‘फुलराणी’ लहानपणी तोंडपाठ होती. आज वाचताना तिचं लग्न लागेपर्यंत इतकी साखर होते की मी अर्ध्यात थांबते. त्यांचे तारे, उषा, संध्या, वेली पुष्कळदा एकमेकींसारख्या दिसतात, कुठली कोणत्या कवितेतली ते सांगता येत नाही. बहिणाबाईंचं तसं नाही. त्यांचा तवा म्हणजे तोच तवा, त्यांचं ढोर म्हणजे तेच ढोर. पानापानाचा हिशेब केला तर बहिणाबाई भारी भरतील, हे मी लिहून देते. पण आवड हिशेबाने ठरत नाही. ज्याने आपल्याला जे कोणीच दिलं नव्हतं ते दिलं, त्याच्याकडे मन जातं. बहिणाबाईंनी मला जे दिलं ते माझ्या आईने आधीच दिलं होतं. बालकवींनी दिलं ते आमच्या घरात कोणाकडेच नव्हतं.

निदान मला तसं वाटायचं. आईचं शेवटचं वर्ष सांगते आणि थांबते.

ती माझ्याकडे होती. गुडघे गेले होते, हाताची दहाही बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, भाकरीचा तुकडासुद्धा मोडून द्यावा लागे. सकाळी तिला ओट्यावर खुर्चीत बसवायचं आणि दुपारी आत आणायचं. पहिल्या महिन्यात तिने लसूण सोलायला मागितला, जमलं नाही, मग मागितला नाही. श्रावणातलीच गोष्ट. पाऊस लागला म्हणून तिला आत घ्यायला गेले तर मानेनेच नको म्हणाली. रस्त्यावरून पाण्याचा लोंढा चालला होता, त्यात पानं, काड्या, कोणाची तरी रबराची चप्पल. ती बघत होती. मी विचारलं, “काय पाहतेस, माय?”

“काही नही. पानी पाह्यते.”

मी शेजारी पायरीवर बसले. पन्नास वर्षांत प्रथमच आम्ही दोघी एका जागी काही न करता बसलो होतो. काय वाटलं कोण जाणे, मी तिला ‘औदुंबर’ म्हणून दाखवली, ऐल तटावरपासून शेवटपर्यंत. तिला त्यातले शब्द सगळे कळले असतील असं नाही, पण डोह, कुरण, पायवाट, औदुंबर एवढं कळलं. ती पुढच्या ओळीची वाट पाहत राहिली. मग म्हणाली, “मंग?”

“मंग काही नाही. एवढीच आहे. पाण्यात पाय सोडून बसलाय.”

आई बराच वेळ पावसाकडे पाहत होती.

“बसू दे त्याले,” म्हणाली.

आपल्याला एक विनंती. येत्या १३ ऑगस्टला बालकवींची जयंती आहे. ‘औदुंबर’ला आठच ओळींची जागा लागेल; तेवढी द्यावी, आणि शेजारी बहिणाबाईंचा ‘खोपा’ही छापावा. खाली कुठल्याच कवितेचा अर्थ देऊ नये.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
जळगाव जिल्हा